शॅमेलिऑन मंदावला तर...

हिवाळ्यात नाशिकचा पारा १० अंशांखाली उतरला, की हौसेने घरी आणलेला शॅमेलिऑन, म्हणजेच सरडगुहिरा, एका जागी खिळून बसतो. मुळात हा प्राणी संथ, त्यात शीतरक्ताचा. शरीराला लागणारी उष्णता त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. ऊन न मिळाल्यास त्याची हालचाल आणि पचन दोन्ही मंदावतात.

कोवळ्या उन्हात तो पुन्हा सावध झाला, तर कारण थंडीचेच समजावे. मात्र दिवसाही डोळे मिटलेले वा खोल गेलेले असतील, फांदीवरची पकड सुटत असेल, तर ते आजाराचे लक्षण होय. वाटीतले पाणी तो सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो; त्यामुळे घरात तो तहानेनेही खंगतो. पानांवर पाण्याचा हलका फवारा मारावा, बळजबरीने भरवू नये.

भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असून तो पाळणे गुन्हा आहे. म्हणून घरगुती उपचारांत वेळ न दवडता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. परस्पर झाडावर सोडणेही योग्य नव्हे; अशक्त सरड्याला थंडीची रात्र काढणे कठीण जाते.