विहिरीची साक्ष

भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला हलविण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून संपविण्यात आला. एका दीर्घ व क्लेशदायक प्रकरणावर पडदा पडला, असे या वार्तेने अनेकांना वाटले असेल. तथापि जो कचरा गोळा करून बांधता आला, तेवढाच गेला. जो मातीत मुरला आणि पावसाच्या पाण्याबरोबर भूगर्भात उतरला, तो वाहनात घालून नेता येत नाही. तो किती खोल गेला आहे, कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे सांगणारी साक्षीदार एकच : विहीर.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्रीची वायुगळती आणि भोपाळचे जलप्रदूषण यांची नेहमी गल्लत केली जाते. पाण्याची कथा त्या रात्रीच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. कीटकनाशकांच्या निर्मितीतील टाकाऊ द्रव्ये कारखान्याच्या आवारातच टाकली जात असत. १९७७ मध्ये सांडपाणी उन्हाने आटविण्यासाठी उत्तरेस तलाव बांधण्यात आले. त्या तलावांतून गळती होत असल्याचा उल्लेख कंपनीच्याच १९८२ च्या पत्रव्यवहारात सापडतो. भोवतालच्या वस्त्या मात्र हातपंपांचे पाणी पीत राहिल्या.

ग्रीनपीस या संघटनेने १९९९ मध्ये कारखान्यानजीकच्या पाण्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड यांसारखी क्लोरिनयुक्त रसायने आढळल्याचे जाहीर केले. वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तीन किलोमीटर अंतरावरील पाण्यातही कीटकनाशके असल्याचे सांगितले. तर नागपूरची ‘नीरी’ आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांच्या २०१० च्या अहवालाने प्रदूषण नजीकच्या मोजक्या विहिरींपुरतेच असल्याचा निष्कर्ष काढला. अशा वेळी सामान्य वाचक कोणता तरी एक पक्ष खोटा ठरवून मोकळा होतो. वास्तविक त्याने आधी वेगळेच प्रश्न विचारावयास हवेत. पाणी कोणत्या विहिरीचे, किती खोलीवरचे, कोणत्या महिन्यातले? ते कसे काढले? आणि त्यात नेमके काय शोधले?

हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. हातपंपाचे पाणी तपासल्याने लोक काय पितात ते कळते. विष कोठून कोठे चालले आहे ते कळत नाही. त्यासाठी निरीक्षणविहिरी खोदाव्या लागतात. ठरावीक खोलीवरच जाळीदार नळी बसवून तिच्याभोवती धुतलेली वाळू भरतात आणि वरचे पाणी खाली झिरपू नये म्हणून बेंटोनाइट मातीचा थर ठोकून बसवितात. अशा किमान तीन विहिरींतील पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या हिशेबाने मोजली, की भूजलाच्या वाहण्याची दिशा निघते. प्रवाहाच्या वरच्या अंगाची विहीर ही तुलनेसाठी. खालच्या अंगाच्या विहिरी प्रदूषणाचा माग काढण्यासाठी. शिवाय काही क्लोरिनयुक्त द्रव्ये पाण्याहून जड असल्याने तळाशी जाऊन बसतात. तेथे उथळ विहीर निर्दोष दिसते आणि खोल विहीर दोषी ठरते.

नमुना घेण्याची क्रिया तर त्याहून नाजूक. विहिरीत साचून राहिलेले पाणी हवेच्या संपर्काने बदललेले असते. ते भूगर्भाची खरी स्थिती सांगत नाही. म्हणून जुन्या पद्धतीत विहिरीतील साठ्याच्या तीन ते पाच पट पाणी आधी उपसून टाकीत. दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीत दहा मीटर पाणी असेल, तर साठा सुमारे ७८ लिटर. तीन पट म्हणजे जवळजवळ २३५ लिटर. एवढे दूषित पाणी टाकावयाचे कोठे, हा नवाच प्रश्न! अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानंतर मंद उपशाची पद्धत रूढ झाली. पंप जाळीच्या पातळीवर ठेवून मिनिटाला साधारण शंभर ते पाचशे मिलिलिटर इतक्याच वेगाने पाणी काढतात. त्याची आम्लता, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू व गढूळपणा दर काही मिनिटांनी मोजतात. लागोपाठ तीन वाचने स्थिर आली, की मगच बाटली भरतात.

घाईने बादली सोडून खळबळ केली, तर चूक दोन्ही बाजूंनी होते. उडून जाणारी रसायने हवेत निसटतात आणि प्रदूषण आहे त्याहून कमी दिसते. उलट, ढवळलेल्या गाळाला चिकटलेले धातू बाटलीत येतात आणि ते आहे त्याहून अधिक दिसते. पहिल्या चुकीचा लाभ प्रदूषण करणाऱ्याला होतो. दुसरीमुळे तक्रारदाराची खरी बाजू न्यायालयात खोटी पडते. निष्काळजी नमुना कोणाचाच मित्र नव्हे.

बाटल्यांचेही शास्त्र आहे. उडून जाणाऱ्या रसायनांसाठी चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी अशी भरतात, की झाकणाखाली हवेचा बुडबुडा उरू नये. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. बर्फात ठेवलेल्या पेटीबरोबर शुद्ध पाण्याची एक बाटलीही प्रवास करते; तिच्यात रसायन सापडले, तर दोष विहिरीचा नसून वाहतुकीचा. एकाच विहिरीचे दोन नमुने प्रयोगशाळेला न सांगता पाठवितात. कमी दूषित विहिरीपासून आरंभ करून अधिक दूषित विहिरीकडे जातात, म्हणजे साधनांना लागलेले विष पुढे जात नाही. आणि बाटली कोणी भरली, कोणी नेली, कोणाच्या स्वाधीन केली, याची वेळेसह नोंद ठेवतात. त्या नोंदीत एक सही गाळली गेली, तर लाखो रुपयांच्या उपकरणाने काढलेला आकडाही शंकास्पद ठरतो.

सर्वांत मोठी फसगत मात्र सही-शिक्क्यानिशी होते. प्रयोगशाळेला क्षार, काठिण्य व जंतू एवढेच शोधावयास सांगितले, तर तिचा ‘पिण्यास योग्य’ हा दाखला त्या तीन बाबींपुरताच खरा असतो. जे शोधलेच नाही, ते सापडणार कसे? तसेच पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, वर्षानुवर्षे त्याच विहिरी त्याच रीतीने तपासल्याखेरीज, विष ओसरते आहे की पसरते आहे याचा निवाडा होऊ शकत नाही. एखादा नमुना हे एका दिवसाचे छायाचित्र. त्यावरून आयुष्याचा वृत्तान्त लिहिता येत नाही.

कारखान्यालगतच्या वस्तीतील माणसाला आपण काय पितो ते जिभेने कळत नाही. त्याचा सारा भरवसा दुसऱ्याने भरलेल्या बाटलीवर असतो. म्हणून भूजलाचा कोणताही अहवाल प्रसिद्ध करताना निष्कर्षांबरोबर विहिरींचा नकाशा, खोली, तारखा, नमुना घेण्याची रीत आणि तपासलेल्या द्रव्यांची संपूर्ण यादी जाहीर करणे हे शासनाचे कर्तव्य मानले पाहिजे. भोपाळच्या जमिनीवरचा कचरा हलविण्यास चाळीस वर्षे लागली. जमिनीखालच्या विषाची साक्ष काढताना तेवढा वेळ दवडणे लोकांना परवडणारे नाही. आणि ती साक्ष घाईगर्दीने बिघडवून टाकणे तर त्याहूनही नाही.