अमेरिकन फुटबॉल

अमेरिकन फुटबॉल : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वाधिक लोकप्रिय सांघिक मैदानी खेळ. प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांत तो खेळला जातो. नावात ‘फुटबॉल’ असले, तरी चेंडू पायाने मारण्याचे प्रसंग त्यात मोजकेच येतात. चेंडू मुख्यत्वे हातात धरून धावत किंवा हाताने फेकून पुढे न्यावयाचा असतो. भारतात फुटबॉल म्हणून परिचित असलेल्या खेळाशी (अमेरिकेत त्यास ‘सॉकर’ म्हणतात) त्याचे साम्य फारसे नाही. त्याचे जवळचे नाते रग्बीशी आहे. [⟶ रग्बी फुटबॉल].

हा खेळ प्रथमच पाहणाऱ्यास तो बहुधा अनाकलनीय वाटतो. काही सेकंद झटापट होते, शिट्टी वाजते, सर्व खेळाडू थांबतात, काही बाहेर जातात व काही आत येतात, क्वचित कोणी साखळी घेऊन मैदानावर येतो आणि पुन्हा झटापट सुरू होते. या गोंधळामागील मूळ कल्पना मात्र एकच व सोपी आहे : हा जमीन मिळविण्याचा खेळ आहे. चेंडू ज्या संघाकडे असेल त्याने चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावयाचे; तेवढे साधले की त्यास पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात; न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. बाकीचे बहुतेक नियम आणि सारे डावपेच या एका अटीतून उद्भवतात.

मैदान व साहित्य : मैदानाची एकूण लांबी १२० यार्ड (१०९·७३ मी.) व रुंदी ५३ १/३ यार्ड (४८·७७ मी.) असते. त्यांपैकी मधले १०० यार्ड हे प्रत्यक्ष रणक्षेत्र असून दोन्ही टोकांस दहा-दहा यार्डांची अंत्यक्षेत्रे असतात. हे सर्व क्षेत्र सुमारे ५३ गुंठे, म्हणजे सव्वा एकराहून थोडे अधिक भरते. यवतमाळ जिल्ह्यासारख्या, कपाशीचे रान एकर-गुंठ्यांत मोजणाऱ्या प्रदेशातील वाचकास यावरून मैदानाचा अंदाज सहज करता येईल. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची असते. दहा यार्ड म्हणजे ३० फूट. क्रिकेटच्या २२ यार्डांच्या खेळपट्टीच्या निम्म्याहूनही कमी अशा या जमिनीसाठी बावीस धडधाकट माणसे एकमेकांवर तुटून पडतात. दर पाच यार्डांवर आडव्या रेषा आखलेल्या असून यार्डांची मोजणी दोन्ही गोलरेषांपासून मध्याकडे ५० पर्यंत केली जाते. अंत्यक्षेत्रांच्या मागील सीमेवर गोलखांब असतात. त्यांच्यातील आडवी दांडी जमिनीपासून दहा फूट उंच असते. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. त्याची लांबी सुमारे २८ सेंमी. व वजन ४०० ते ४२५ ग्रॅ.च्या दरम्यान असते. खेळाडू शिरस्त्राण, चेहऱ्यावरील जाळी आणि खांद्यांवरील जाड कवच वापरतात.

खेळाची रीत : प्रत्येक प्रयत्नास ‘डाउन’ म्हणतात. कबड्डीतील चढाईशी त्याची तुलना उपयुक्त ठरते. कबड्डीत प्रत्येक चढाई स्वतंत्र असते. ती संपली की क्षणभर सारे स्थिरावते व नवी चढाई सुरू होते. डाउनचेही तसेच आहे. प्रो कबड्डी लीगमध्ये लागोपाठ दोन निष्फळ चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भागच असते. मर्यादित प्रयत्नांचा हाच ताण येथे चार डाउनच्या रूपाने सबंध सामनाभर जाणवतो.

चेंडू जेथे थांबला असेल तेथून मैदानाच्या रुंदीभर एक काल्पनिक रेषा मानली जाते. तिला ‘स्क्रिमेज रेषा’ म्हणतात. तिच्या दोन बाजूंस दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात. आक्रमक संघाचा ‘सेंटर’ हा खेळाडू चेंडू आपल्या दोन पायांमधून मागे देतो. तो घेणारा ‘क्वार्टरबॅक’ हा संघाचा सूत्रधार होय. त्याच्यापुढे तीन मार्ग असतात : चेंडू मागील धावपटूच्या हाती देणे, पुढे धावलेल्या सहकाऱ्याकडे तो फेकणे, किंवा स्वतःच धावणे. चेंडूधारकास पकडून जमिनीवर पाडले, किंवा तो सीमारेषेबाहेर गेला, की डाउन संपतो. पुढे फेकलेला चेंडू कोणीही न झेलता जमिनीवर पडला, तर प्रयत्न वाया जातो व चेंडू पूर्वीच्याच जागी परत येतो. पुढच्या दिशेची फेक एका डाउनमध्ये एकदाच आणि तीही स्क्रिमेज रेषेच्या मागूनच करता येते. मागच्या दिशेने चेंडू कितीही वेळा देता येतो.

चेंडू जवळ नसलेल्या प्रतिस्पर्ध्यास आपल्या अंगाने अडविण्याची आक्रमक संघास येथे मुभा असते. सॉकर व रग्बी या दोन्ही खेळांत हा गुन्हा समजला जातो. क्वार्टरबॅकपुढील पाच दणकट खेळाडूंचे काम केवळ हे अडविण्याचेच असते. हाताने धरून ठेवणे मात्र निषिद्ध आहे. या पाच जणांची नावे प्रेक्षकांना क्वचितच ठाऊक असतात. तथापि त्यांची फळी फुटली, तर उत्तमातला उत्तम क्वार्टरबॅकही निष्प्रभ ठरतो. नवख्या प्रेक्षकाने चेंडूचा पाठलाग सोडून काही डाउन या फळीकडेच पाहावे; खेळ लवकर समजू लागतो.

झेलण्यासाठी फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने झेलला, किंवा चेंडूधारकाच्या हातून निसटलेला चेंडू त्यांनी हस्तगत केला, तर आक्रमणाचा हक्क तत्क्षणी बदलतो. नियमभंग झाल्यास पंच पिवळे फडके मैदानावर टाकतो. दंडही जमिनीतच आकारला जातो : डाउन सुरू होण्यापूर्वी हालचाल केल्यास पाच यार्ड, आक्रमकाने हाताने धरून ठेवल्यास दहा, तर अनावश्यक दांडगाईबद्दल पंधरा.

गुणपद्धती : चेंडू प्रतिपक्षाच्या अंत्यक्षेत्रात नेल्यास किंवा तेथे झेलल्यास ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडून एक, किंवा जवळून पुन्हा अंत्यक्षेत्रात नेऊन दोन जादा गुण मिळविता येतात. चालू खेळात चेंडू खांबांमधून दांडीवरून लाथाडल्यास (‘फील्ड गोल’) तीन गुण मिळतात. आक्रमक चेंडूधारकास त्याच्याच अंत्यक्षेत्रात पाडल्यास बचाव करणाऱ्या संघास दोन गुण मिळतात व पुढे चेंडूही त्याच्याकडेच येतो. सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांचा असतो. परंतु घड्याळ वारंवार थांबत असल्याने व्यावसायिक सामना सुमारे तीन तास चालतो.

डावपेच : एक काल्पनिक क्रम घेतल्यास खेळामागील हिशेब स्पष्ट होईल. एका संघाकडे स्वतःच्या ३० यार्ड रेषेवर चेंडू आहे. पहिल्या डाउनमध्ये धावपटू चार यार्ड मिळवितो. आता ‘दुसरा डाउन व सहा’ अशी स्थिती झाली. समालोचक सतत उच्चारीत असलेल्या आकड्यांच्या जोडीचा अर्थ हाच. सहा यार्ड धावून किंवा फेकून, दोन्ही मार्गांनी मिळण्याजोगे असल्यामुळे बचाव करणाऱ्यांस नेमका अंदाज येत नाही. ही अनिश्चितता हेच आक्रमकाचे खरे भांडवल होय. या डाउनमधील फेक जमिनीवर पडली, की ‘तिसरा डाउन व सहा’ होतो. आता चेंडू फेकला जाणार हे जवळजवळ सर्वांस कळते. बचाव करणारा संघ अशा वेळी अधिक माणसे क्वार्टरबॅकवर सोडतो किंवा उलट त्यांना मागे पसरून झेल घेणाऱ्यांच्या वाटा अडवितो. पहिल्या उपायात क्वार्टरबॅकला वेळ मिळत नाही, पण मागे जागा मोकळी पडते. दुसऱ्यात जागा बंद होते, पण वेळ भरपूर मिळतो. आक्रमकांनी आठ यार्डांची फेक साधली, तर चेंडू ४२ यार्ड रेषेवर येऊन नवे चार डाउन सुरू होतात. अंतर संशयास्पद असल्यास सीमेवरील दहा यार्डांची साखळी मैदानात आणून भूमापकाप्रमाणे मोजणी करण्याची जुनी प्रथा आहे; व्यावसायिक सामन्यांत अलीकडे ही मोजणी कॅमेऱ्यांच्या साहाय्याने होऊ लागली आहे.

चौथा डाउन हा खेळातील निर्णयाचा क्षण असतो. अपयश आल्यास चेंडू त्याच जागी प्रतिपक्षास मिळणार असल्याने, स्वतःच्या गोलरेषेजवळ असलेला संघ बहुधा चेंडू दूरवर लाथाडून देतो (‘पंट’). हक्क जातो, परंतु चाळीसएक यार्ड जमीन मागे ढकलली जाते. प्रतिपक्षाच्या ३० यार्ड रेषेपर्यंत मजल गेली असेल, तर फील्ड गोलचा प्रयत्न होतो; लाथ सात-आठ यार्ड मागून मारली जाते व खांब गोलरेषेच्या दहा यार्ड पलीकडे असतात, म्हणून हे अंतर ४७ यार्डांच्या आसपास भरते. दोन्ही मार्ग सोडून उरलेले यार्ड जिंकण्याचे धाडस करावे काय, यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, प्रशिक्षक चौथ्या डाउनवर गरजेपेक्षा अधिक वेळा चेंडू लाथाडून देतात, असे गणिताने दाखविले. त्यानंतरच्या काळात चौथ्या डाउनवर धाडस करण्याकडे संघांचा कल वाढलेला दिसतो. चूक टाळण्यापेक्षा चुकीचा ठपका टाळण्याकडे माणसाचा ओढा असतो, हे पूर्वीच्या सावधगिरीचे एक कारण असावे.

हुलकावणीचे तंत्र आट्यापाट्या खेळणाऱ्यांस नवे नाही. धावपटूच्या हाती चेंडू दिल्याचा आभास करून क्वार्टरबॅक तो स्वतःजवळच ठेवतो व बचाव करणारे पुढे ओढले गेले, की त्यांच्या डोक्यावरून फेकतो. अर्थात आधी खरोखर धावून यार्ड मिळविले असतील, तरच ही हूल पचते. घड्याळ हेही एक शस्त्र आहे. आघाडीवरील संघ शेवटी धावण्यावर भर देतो, कारण धावपटू मैदानात पडल्यास घड्याळ चालूच राहते; पिछाडीवरील संघ सीमारेषेजवळ फेकतो, कारण सीमेबाहेर जाऊन किंवा चेंडू जमिनीवर पडून घड्याळ थांबविता येते.

इतिहास : ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीमधील न्यू ब्रन्झविक येथे रटगर्स व प्रिन्सटन या महाविद्यालयांत झालेला सामना हा या खेळाचा आरंभ मानला जातो; मात्र तो प्रत्येकी पंचवीस खेळाडूंचा व सॉकरच्या जवळचा होता. १८७४ मध्ये हार्व्हर्डचा कॅनडातील मगिल विद्यापीठाशी सामना झाल्यानंतर रग्बीची पद्धत रुजली. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कँप यांच्या पुढाकाराने १८८० मध्ये अकरा खेळाडूंचा संघ व स्क्रिमेज रेषा हे नियम आले. चेंडूवरील हक्क निर्विवाद ठरला खरा. पण त्यातून एक अकल्पित पळवाट निघाली. १८८१ मध्ये येल व प्रिन्सटन यांनी बरोबरी राखण्यासाठी एकेक अर्धा डाव चेंडू नुसता धरून ठेवला. प्रेक्षक वैतागले. त्यावर उपाय म्हणून १८८२ मध्ये तीन डाउनमध्ये पाच यार्ड मिळविण्याची अट घालण्यात आली. ती तपासण्यासाठी मैदानावर रेषा आखाव्या लागल्या व मैदानास भाजण्याच्या जाळीचे रूप येऊन ‘ग्रिडआयर्न’ हे नाव पडले.

या काळात खेळाडू घट्ट जथे करून एकाच ठिकाणी आदळत असत व शिरस्त्राणे सर्रास नव्हती. १९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांच्या नोंदींप्रमाणे अठरा जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी हार्व्हर्ड, येल व प्रिन्सटन यांच्या प्रतिनिधींना बोलावून सुधारणेचा आग्रह धरला होता. हा खेळच बंद करावा, असेही अनेकांचे मत होते. १९०६ मध्ये अंतराची अट दहा यार्डांपर्यंत वाढविण्यात आली आणि पुढे चेंडू फेकण्यास मान्यता मिळाली. खेळाडूंचा घोळका मैदानभर पसरावा, हा त्यामागील हेतू होता. आज प्रेक्षकांस मोहविणारी दूरची फेक ही मुळात माणसे मरू नयेत म्हणून योजलेली तोड होती. चौथा डाउन व टचडाउनचे सहा गुण १९१२ मध्ये आले. ओहायओतील कँटन येथे १९२० मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग म्हणून ओळखली जाते. तिचा अंतिम सामना, ‘सुपर बोल’, पुढे या नावाने रूढ झाला. त्याच्या मालिकेतील पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी झाला. हा सामना भारतात सोमवारी पहाटे दिसतो.

धोके : १९०६ च्या सुधारणांनी मैदानावरील मृत्यू घटले, तरी डोक्यास वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा प्रश्न सुटला नाही. माइक वेब्स्टर या नामांकित सेंटरचा २००२ मध्ये मृत्यू झाला. त्याच्या मेंदूची तपासणी करून डॉ. बेनेट ओमालू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दीर्घकालीन आघातजन्य मेंदूविकाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नॅशनल फुटबॉल लीगमधील १११ दिवंगत खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. हे मेंदू प्रामुख्याने लक्षणांची शंका असलेल्या कुटुंबांनी दिलेले असल्याने यावरून सर्व खेळाडूंमधील प्रमाण काढता येत नाही. शिरस्त्राण कवटीचे रक्षण करते. कवटीच्या आत हेलकावणाऱ्या मेंदूस ते थोपवू शकत नाही. नव्या नियमांनी शिरस्त्राण पुढे करून धडकण्यावर निर्बंध घातले आहेत.

भारतातील प्रसार : २०१२ मध्ये एलीट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या स्पर्धेचा पहिला हंगाम आठ संघांत झाला. त्यांत पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स हे महाराष्ट्राचे दोन संघ होते व अजिंक्यपद पुण्याच्या संघाने मिळविले. ही स्पर्धा पुढे मूळ धरू शकली नाही. महागडे साहित्य, मोठा खेळाडूवर्ग आणि दुखापतींचा धोका पाहता विदर्भातील शाळांच्या मैदानांवर हा खेळ याच स्वरूपात रुजण्याचा संभव कमीच दिसतो. पाच-पाच खेळाडूंचा ‘फ्लॅग फुटबॉल’ हा प्रकार मात्र वेगळा आहे. त्यात पाडापाडी नसते. चेंडूधारकाच्या कमरेस लोंबणारी पट्टी प्रतिपक्षाने ओढून काढली, की डाउन संपतो. कवच व शिरस्त्राण लागत नाही, मैदानही लहान पुरते. मुंबई येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात १६ ऑक्टोबर २०२३ रोजी क्रिकेटबरोबरच या प्रकाराचाही २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिक सामन्यांत समावेश करण्यात आला. त्यात चार डाउनमध्ये मैदानाचा मध्य गाठावयाचा व तो गाठल्यावर आणखी चार डाउनमध्ये अंत्यक्षेत्र.