हाताचे माप, काठीचा अधिकार

लांबी मोजण्याच्या भारतातील जुन्या मापांपैकी बहुतेकांना शरीराच्या अवयवांवरून नावे मिळालेली आहेत. बोटाच्या रुंदीचे अंगुळ, ताणलेल्या पंजाच्या अंगठ्यापासून करंगळीच्या टोकापर्यंतची वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात आणि दोन्ही बाहू फैलावून होणारी वाव ही मापे माणसाजवळ सदैव असत, आणि 12 अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, चार हातांचा दंड असे त्यांचे परस्परप्रमाणही सोयीचे होते. मात्र प्रत्येकाचा हात वेगळा असल्यामुळे घरकामापुरते भागवणारे हे माप शेत, रस्ता किंवा तट मोजताना तंट्याचे कारण होई, आणि जेथे सारा, दान किंवा मजुरी ठरवायची असे तेथे ‘हात’ म्हणजे नेमकी किती लांबी हे कोणाला तरी अधिकाराने ठरवून द्यावे लागे. या मापांना नावे शरीराने दिली असली, तरी त्यांची लांबी सत्तेने आणि कामाच्या गरजेने ठरवली, ही गोष्ट ध्यानात घेतल्याखेरीज त्यांचा इतिहास नीट उलगडत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणातील देश आणि काल यांच्या मापांच्या प्रकरणात मिळतो. तेथे अंगुलाच्या दोन व्याख्या आहेत: आठ यवमध्य, म्हणजे जवाच्या आठ दाण्यांच्या मधल्या भागांची एकत्रित रुंदी, किंवा मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची रुंदी. अशा 24 अंगुलांचा हात ‘प्राजापत्य’ म्हणून सांगितला आहे. पण ग्रंथ तेथे थांबत नाही, तर कुरणांसाठी 28 अंगुलांचा, छावणी, दुर्ग आणि राजवाड्याच्या कामांसाठी 42 अंगुलांचा, तर वनसंपत्ती देणाऱ्या अरण्यांसाठी 54 अंगुलांचा असे वेगवेगळे हात नेमून देतो. दंडाचेही तसेच आहे. नेहमीचा दंड 96 अंगुलांचा, रस्ते आणि तट मोजण्याचे धनुष्य 108 अंगुलांचे, आणि ब्राह्मणांना दान दिलेल्या जमिनी मोजण्याचा दंड मात्र 192 अंगुलांचा, म्हणजे नेहमीच्या दुप्पट. लांबी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते, त्यामुळे कागदोपत्री तेवढ्याच दंडांची जमीन दान घेणाऱ्याच्या पदरात चौपट पडे. एकाच नावाच्या मापाची लांबी कामानुसार बदलणे हा आजच्या वाचकाला गोंधळ वाटेल, परंतु राज्यकारभाराच्या दृष्टीने ती विचारपूर्वक केलेली योजना होती.

नाव टिकून लांबी बदलण्याचे हेच सूत्र महाराष्ट्राच्या इतिहासातही आढळते. नाशिकजवळच्या त्रिरश्मी लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने पश्चिम कखडी या गावातील 200 निवर्तने शेतजमीन भिक्षूंना दिल्याचा लेख आहे. निवर्तन हे जमिनीचे चौरस माप. अर्थशास्त्राच्या हिशेबाने त्याची बाजू 30 दंड, म्हणजे 120 हात येते, तर भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे 1150 च्या सुमारास, ती 20 वंश, म्हणजे 200 हात सांगितली आहे. या दोन मापांनी एकाच निवर्तनाच्या क्षेत्रात जवळजवळ पावणेतीन पट अंतर पडते, म्हणून सातवाहनांच्या त्या दानाचे एकर काढून मोकळे होणे धोक्याचे आहे.

शिवकालीन जमीनमोजणीत हे भान नियमाच्या रूपाने दिसते. सभासद बखरीनुसार शिवाजी महाराजांचे अधिकारी अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या मोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी लांबीची होती; हात 14 तसूंचा, आणि हात व मुठी मिळून काठी 82 तसूंची. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. अशा 20 काठ्या लांब आणि 20 काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि 120 बिघ्यांचा एक चावर होई. पाच मुठींची भर वरवर किरकोळ भासते, पण पाच हातांचे 70 तसू जाऊन 82 झाले की बिघ्याचे क्षेत्र सुमारे 37 टक्क्यांनी वाढते, आणि बिघ्यावर आकारणी असताना काठीची लांबी म्हणजे रयतेवरील भाराचे मापच असते. काठी तसूंत बांधून देण्यामागचा हेतू येथे उघड होतो: मोजणाऱ्याच्या मुठीवर काहीही सोडायचे नव्हते. उत्तरेत अकबराने 41 अंगुलांचा इलाही गज चालू केला तोही अशाच गरजेतून.

इंग्रजी अमलात या देशी नावांच्या आत परदेशी लांबी शिरली. इंग्रजांचा एकर हा एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब पट्टा. ही 66 फुटांची, 100 कड्यांची साखळी एडमंड गंटर या गणितज्ञाने 1620 मध्ये योजली, कारण तिने क्षेत्राचा हिशेब दशमानात सुटत असे. इंदापूर तालुक्यात 1830 नंतरच्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी ज्या मोजणीचा पाया घातला, त्या मुंबई इलाख्याच्या पद्धतीत याच साखळीची अर्धी, 33 फुटांची साखळी रूढ झाली आणि तिचे रुपयाप्रमाणे 16 आणे पाडले गेले. या साखळीचा चौरस, म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, अर्थात 1089 चौरस फूट, तोच गुंठा. आणि 40 गुंठ्यांचा एकर. गुंठा हे नाव देशी, पण आजची त्याची बाजू इंग्लंडच्या साडेसोळा फुटी काठीच्या दुपटीची आहे. हातही याच काळात 18 इंचांवर स्थिरावला, म्हणून दोन हातांचा वार आणि नऊवारी लुगडे अठरा हातांचे, हा हिशेब जुळतो.

भारतात 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धती आली आणि सातबारा उताऱ्यावर हेक्टर व आर दाखल झाले, तरीही ग्रामीण महाराष्ट्रात जमिनीचा सौदा गुंठ्यांतच बोलला जातो. याला सवयीइतकेच गणितही कारण आहे, कारण एक आर 100 चौरस मीटरांचा, तर गुंठा 101.17 चौरस मीटरांचा असल्याने छोट्या तुकड्यांत दोन्ही एकमेकांच्या जागी सहज धरले जातात. परंतु एका हेक्टरात 100 नव्हे, तर सुमारे 98.84 गुंठे बसतात, आणि दर गुंठ्यावर ठरलेल्या मोठ्या व्यवहारात हा सव्वा गुंठ्याच्या जवळपासचा फरक खरेदीखत लिहिण्यापूर्वी स्पष्ट करून घ्यावा लागतो.