सावली आधी ठरवायची

मेणवलीच्या घाटावर पोचलं की सगळंच कागदावर घ्यावंसं वाटतं. नाना फडणविसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ, कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडी पायऱ्या. वाईहून तीनेक किलोमीटरवरचं हे गाव ‘स्वदेस’मध्ये (२००४) दिसल्यापासून इथं कॅमेरे पुष्कळ येतात, चित्रकार त्याच्या कितीतरी आधीपासून येतायत.

बोर्ड मांडण्याआधी मी रिकाम्या हातानं घाटावर फेरी मारतो. काय घ्यायचं यापेक्षा काय सोडायचं, हे तेव्हा ठरतं. विजेच्या तारा गेल्या, मोटारसायकल गेली. वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा इतिहासात मोलाची खरी, पण आजचा विषय पायऱ्या असतील तर तीही गेली. पायऱ्यांना जागा हवी म्हणून क्षितिजरेषा वर सरकते, आभाळाला वर एक पट्टी उरते.

मग वहीत काडेपेटीएवढी चौकट. ४बी पेन्सिल आडवी धरून तीनच छटा: कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. डोळे किलकिले केले की शिखरावरचं कोरीवकाम नाहीसं होतं आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. हे तुकडे या चौकटीत जमले नाहीत तर मोठ्या कागदावरही जमत नाहीत. मी सरळ जागा बदलतो.

सगळ्यात घाई सावलीची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पाव इंपीरियल, म्हणजे ११ बाय १५ इंचांच्या कागदाला दोन तास सहज लागतात; तेवढ्यात ३० अंश गेले. आठ वाजता ज्या पायऱ्या सावलीत होत्या, त्यांवर दहाला बायका धुणं वाळत घालत असतात. म्हणून सावलीची कड पेन्सिलीनं आधीच आखायची आणि पुढं निसर्गानं कितीही आमिष दाखवलं तरी ती हलवायची नाही. पुष्कळजण देवळात रमतात आणि सावली शेवटी, त्या घटकेला दिसेल तशी टाकतात. शिखरावर ऊन एका बाजूचं, पायऱ्यांवर दुसऱ्या. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खटकतं.

जलरंगात आणखी एक अडचण. पारदर्शक रंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. ऊन पडलेली पायरीची कड आधी राखली नाही तर नंतर आणणार कुठून? बाकी काम मात्र झपाट्यानं होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओलसर असतानाच एकमेकांत सोडले की बेसॉल्टचा करडा मिळतो, आणि अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसून दगडाचा खरबरीतपणा आपोआप येतो. प्रत्येक पायरी काढत बसू नये. चार ठसठशीत, बाकी सुचवलेल्या.

माणसं शेवटी, पण त्यांच्या जागा आधी ठरलेल्या. मी उभा राहून रंगवत असलो तर माझ्या पातळीवर उभ्या माणसांची डोकी साधारण क्षितिजरेषेवरच येतात, जवळची असोत की लांबची. पायऱ्या उतरणारा मात्र पावलागणिक रेषेखाली जातो. घाटाची खोली दाखवायला एवढं पुरतं.

ऊन डोक्यावर आलं की आवरायचं. उरलेलं घरी फोटोवरून पुरं करणारे असतात. मला ते पटत नाही. फोटोत सावली बहुतेकदा काळीठिक्कर येते. इथं तिच्यात आभाळाची निळाई असते, शेजारच्या उन्हातल्या दगडाची ऊबही असते.