हिशेबाचे पैसे आणि घराचा हप्ता

कंपनीने गेट बंद केले आणि हिशेबाचे पैसे हातात आले, की पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीत पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी घराचे कर्ज उतरवा, मग पुढचे बघू. सल्ला देणारा हितचिंतकच असतो, आणि कर्ज फेडायची ओढ असणे ही चांगलीच गोष्ट आहे. तरीही पगार थांबलेल्या घरासाठी हा सल्ला बहुतेक वेळा घातक ठरतो, असे माझे ठाम मत आहे. बेकारीत घर कर्जाच्या आकड्याने मोडत नाही. हप्त्याच्या तारखेला, शाळेच्या फीच्या दिवशी, दवाखान्याच्या दारात हातात रोकड नसली की मोडते. आणि रोकड किती महिने पुरवावी लागेल, हे पहिल्या महिन्यात कोणालाच सांगता येत नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सचे पाहा. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले. एप्रिल २०२१ मध्ये चौदाशेहून अधिक कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस आली. ले-ऑफमध्ये कायद्याने मिळते ती मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार २०२२ मध्ये बारगळला. ह्युंदाईने कारखाना पूर्णपणे ताब्यात घेतला तेव्हा जानेवारी २०२४ उजाडला होता. एवढ्या तीन वर्षांत ज्याच्या घरचा पैसा पहिल्याच महिन्यात बँकेत जाऊन बसला, त्याने पुढचे दिवस कशावर काढायचे?

आकडे मांडून पाहू. समजा, २० लाखांचे गृहकर्ज, साडेआठ टक्के दर आणि १५ वर्षे बाकी. हप्ता येतो साधारण १९,७०० रुपये. हिशेबाचे ४ लाख मिळाले आणि ते सगळे कर्जात भरले. आता हप्ता उतरेल असे वाटते, पण आपण वेगळे लिहून दिले नाही तर बँक सहसा हप्ता तेवढाच ठेवते आणि मुदत कमी करते. १५ वर्षांचे कर्ज १० वर्षांवर येईल, फायदा मोठा आहे, पण तो मिळणार शेवटच्या पाच वर्षांत. पुढच्या महिन्याचे १९,७०० रुपये तसेच उभे राहतील. हप्ता कमी करून मागितला, तरी तो १५,७०० च्या खाली येत नाही. तेच ४ लाख हाताशी ठेवले तर २० महिन्यांचे हप्ते निघतात.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: पैसा नुसता ठेवला तर व्याज चढत राहते त्याचे काय? चढते. पण ४ लाख मुदत ठेवीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, तर कर्जाच्या आणि ठेवीच्या व्याजातला फरक वर्षाला आठ हजारांच्या आसपास भरतो. पगार नसलेल्या घराने हाताशी रोकड राखण्यासाठी मोजलेली ही किंमत मला जास्त वाटत नाही. शिवाय बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड लावायला रिझर्व्ह बँकेने २०१२ पासून बंदी घातली आहे. नवी नोकरी लागल्यावर तेच पैसे कर्जात भरता येतात. भरलेले पैसे मात्र बँकेकडून परत मागता येत नाहीत.

फंडाच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट विसरली जाते. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातली रक्कम कोणत्याही न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्त करता येत नाही. हे संरक्षण १९५२ च्या कायद्यापासून चालत आले आहे. ग्रॅच्युइटीलाही ते १९७२ च्या कायद्याने मिळाले. म्हणजे सगळे कर्ज देणारे दारात उभे राहिले तरी ज्याला कोणी हात लावू शकत नाही, असा हा कामगाराचा पैसा. तो घाईने काढून हप्ते जात असलेल्या खात्यात टाकला, की ते कवच आपणच उतरवून ठेवतो. फंड काढायची वेळ आलीच, तर लागेल तेवढाच काढावा आणि कर्ज असलेल्या बँकेबाहेरच्या खात्यात घ्यावा.

मग सगळीच कर्जे थांबवावीत का? नाही. काही कर्जे पहिल्याच आठवड्यात मिटवायला हवीत, आणि नेमकी तीच रक्कम लहान म्हणून मागे पडतात. महिना साडेतीन टक्के व्याज लावणाऱ्या क्रेडिट कार्डावर १ लाख थकले, तर महिन्याचे व्याज ३,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ४,१३० रुपये होतात. गृहकर्जातल्या १ लाखाचे महिन्याचे व्याज आहे ७०८ रुपये. ‘मिनिमम ड्यू भरतोय, म्हणजे कार्ड चालू आहे’ हा समज म्हणूनच महागात पडतो. मोबाइल अ‍ॅपवरचे झटपट कर्ज याच रांगेतले. खासगी सावकाराचे व्याज तर शेकडा दरमहा मोजले जाते. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात परवाना बंधनकारक आहे, बिगरशेती कर्जाला तारण असेल तर वर्षाला १५ आणि नसेल तर १८ टक्के ही मर्यादा ठरवून दिलेली आहे, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. महिना पाच टक्क्यांनी पैसे देणाऱ्याला हा कायदा पाठीशी घालत नाही. त्याच्याविरुद्ध सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते.

दुसरी भीती उलट टोकाची आहे: दोन हप्ते चुकले की बँक घराला कुलूप लावते. प्रत्यक्षात खाते ९० दिवस थकल्यावर अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस येते. कर्जदाराने हरकत घेतली तर तिला १५ दिवसांत लेखी उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. मग ताब्याची कारवाई, तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद, आणि लिलावाआधी पुन्हा ३० दिवसांची नोटीस. पाच महिन्यांच्या आत घर जात नाही. पण हा काळ स्वस्थ बसायचा नव्हे. तिसरा हप्ता थकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज, सोबत कंपनीचे पत्र, आणि मुदत वाढवून किंवा काही महिने फक्त व्याज घेऊन हप्ता कमी करण्याची मागणी, एवढे झालेच पाहिजे. बँक ‘हो’च म्हणेल असे नाही, पण खाते थकल्यावर तोच अर्ज घेऊन गेलेल्या माणसाची बाजू फार कमकुवत झालेली असते.

हप्ते थांबवायची सवलत मिळाली तर तिला माफी समजू नये. करोनाकाळातल्या मार्च ते ऑगस्ट २०२० च्या सवलतीत हा गोंधळ घरोघरी झाला. वरच्याच कर्जावर सहा महिने काही भरले नाही, तर सुमारे ८६ हजार रुपये व्याज मुद्दलात मिळते आणि हप्ता तोच ठेवल्यास शेवटी सोळा-सतरा हप्ते वाढतात. म्हणून निदान व्याजापुरते भरत राहणे परवडते. वसुलीवाल्यांच्या अटकेच्या धमकीलाही आधार नाही, कारण कर्ज थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. त्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोनही करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले आहे. चेक परत जाणे मात्र वेगळे. त्याची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली नाही तर खटला होऊ शकतो, आणि खात्यातून आपोआप जाणाऱ्या हप्त्यालाही २००७ च्या कायद्याने तोच नियम लागू आहे.

चाकणच्या कंत्राटी कामगाराला यातले बरेच लागू पडत नाही. त्याला ब्रेक मिळतो, म्हणजे काम थांबते, पण हिशेबाची रक्कम हाती येतेच असे नाही. तरी त्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कापला गेला असेल, तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी वेतनाच्या निम्मे पैसे ९० दिवसांपर्यंत, आयुष्यात एकदा, मिळू शकतात. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, त्यामुळे ती चालू आहे का आणि आपली वर्गणी पुरेशी भरली आहे का, हे ईएसआयच्या शाखेत आधी विचारून घ्यावे. कंत्राटदाराने कापलेला फंड खरेच भरला का, हेही त्याच वेळी पासबुकात पाहावे.

एका कर्जाला मात्र वरचे व्याजाचे गणित मी लावणार नाही, ते म्हणजे कामगारांच्या पतसंस्थेचे, म्हणजे सोसायटीचे. तिचा दर कार्डापेक्षा कितीतरी कमी असतो आणि हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून पगार थांबल्यावर ते विसरायला सोपे. पण त्याला जामीन राहिलेले असतात शेजारच्या मशीनवरचेच सहकारी. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निघालेला वसुली दाखला दोघांवरही बजावता येतो. एकाच कंपनीतले चौघे एकमेकांना जामीन असतील आणि कंपनीच बंद पडली, तर त्यांच्यातल्या ज्याला आधी नवे काम लागेल, त्याच्या पगारावर बाकी तिघांची थकबाकी येऊन पडू शकते. म्हणून बँकेत अर्ज द्यायच्या त्याच आठवड्यात जामीनदारांना घेऊन सोसायटीच्या संचालकांना भेटावे, शेअर्स आणि ठेवी वळत्या करून किती बाकी उरते ते लेखी मागावे आणि उरलेल्या रकमेचा झेपेल एवढा हप्ता बांधून घ्यावा.