गावी जायचे, म्हणजे वघईला

दिवाळी जवळ आली की आमच्या कतारगामात एक चमत्कारिक शांतता पसरू लागते. हिऱ्यांच्या कारखान्यांना सुट्टी लागते, घंट्या थांबतात, आणि शेजारपाजारची कुटुंबे बोचकी-पेट्या घेऊन सौराष्ट्राच्या वाटेला लागतात. कोणी अमरेलीला, कोणी भावनगरला, कोणी पालिताण्याला. जाताना प्रत्येकजण दारावरून हाक मारून विचारतो, “तुम्ही कधी निघणार गावी?”

हा प्रश्न वरवर साधा, परंतु त्याचे उत्तर देताना आमची दरवर्षी तारांबळ उडते. परप्रांतात पिढ्यानपिढ्या रुजलेल्या मराठी कुटुंबाचे ‘गाव’ म्हणजे नेमके कोणते? आडनावातले गाव पणजोबांनी सोडले. तेथे आज आमचे घर नाही, शेत नाही, आणि ओळख दाखवील असे माणूसही नाही. मग आम्ही हसून वेळ मारून नेतो आणि सुट्टी घरच्या झोपाळ्यावर काढतो.

गेल्या वर्षी याच झोपाळ्यावर बसून आमची मुले कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या आतेबहिणीने पाठविलेली छायाचित्रे पाहत होती. रशियन रिव्हर नावाच्या नदीकाठी गर्नव्हिल म्हणून एक लहानसे गाव आहे; तेथे ती सहकुटुंब चार दिवस राहून आली. गावाभोवती रेडवुड वृक्षांचे अरण्य. शंभर मीटरपर्यंत उंच जाणारी आणि हजार-दीड हजार वर्षे जगलेली ती झाडे पाहून मुले थक्क झाली. धाकटा म्हणाला, “आपल्याकडे असे कुठे असते का?”

मातोश्री शेजारीच शेंगा सोलीत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता उत्तर दिले, “असते की. माझ्या गावी आहे. नदी आहे, रान आहे, छोटी गाडी आहे. तुझ्या बाबांना थांबायला वेळ नव्हता, एवढेच.”

ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले. कारण ते खरे होते.

एक फसलेला बेत

मातोश्रींचे माहेर वघईचे. डांगच्या अरण्याच्या तोंडाशी, अंबिका नदीच्या काठी वसलेले हे लहानसे गाव. आमचे आजोबा, म्हणजे मातोश्रींचे वडील, तेथे लाकडाच्या वखारीत कारकून होते. मातोश्रींचे बालपण सागाच्या ओंडक्यांवर उड्या मारण्यात गेले, आणि लग्नात आजोबांनी त्यांना जो सागवानी झोपाळा दिला तोच आज आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. आजोबा निवृत्त झाले, बिऱ्हाड मोडले, आणि वघईशी असलेला धागा तुटला.

२०१८ च्या श्रावणात आम्ही मोठ्या उत्साहाने डांगची सहल काढली. भाड्याची मोटार, दोन दिवस, आणि कागदावर लिहिलेली सहा ठिकाणे: उनाई, वघई, गिरा धबधबा, आहवा, सापुतारा आणि वाटेत जे काय लागेल ते. वघईच्या नाक्यावर मातोश्री म्हणाल्या, “अरे, जरा थांबू या का?” आम्ही घड्याळ पाहिले आणि म्हणालो, “आई, परत येताना थांबू.” परत येताना रात्र झाली होती, पाऊस कोसळत होता, आणि वाटेतल्या एका फरशीवरून पाणी वाहत असल्यामुळे दोन तास खोळंबावे लागले होते. वघई केव्हा मागे पडले, तेही आम्हांला कळले नाही. मातोश्रींना मात्र कळले असावे. त्या काचेला डोके टेकून जाग्याच होत्या.

पुढे २०२० साली महामारीमुळे वघईची छोटी गाडी बंद पडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस गुजरातेतील अनेक लहान रुळांच्या गाड्यांबरोबर तीही कायमची बंद होणार असे वृत्त आले. मातोश्रींनी ते वाचून वर्तमानपत्र घडी घालून ठेवले. त्या काही बोलल्या नाहीत. तेथील लोकांनी विरोध केला, निर्णय फिरला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. आम्ही मात्र त्यानंतरही ‘पुढच्या वर्षी जाऊ’ असेच म्हणत राहिलो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ‘पुढचे वर्ष’ या शब्दांना किती अर्थ उरतो, हे ध्यानात यायला अमेरिकेतली झाडे पाहावी लागली.

लाकडासाठी टाकलेले रूळ

बेत आखण्यापूर्वी ज्या स्थळी जायचे त्याची थोडी माहिती करून घ्यावी, अशी आमची सवय आहे. मुलांसाठी म्हणून वाचायला घेतले, आणि आम्हीच त्यात रमलो.

डांग हा गुजरातचा सर्वांत लहान जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे १,७६४ चौरस किलोमीटर, आणि त्याचा बहुतांश भाग वनाखाली. येथील सागावर इंग्रजांची दृष्टी फार लवकर गेली. सुरतेच्या लोकांना साग काही नवा नव्हता; जहाजबांधणीत नाव कमावलेले लवजी वाडिया मूळचे सुरतेचेच, ते १७३६ साली मुंबईला गेले. जहाजे सागाची, आणि जुन्या सुरतेतल्या वाड्यांचे खांब, तुळया, झोपाळेही सागाचेच. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून हे अरण्य पट्ट्याने घेतले. गाढवी, आमाला, वासुर्णा, दहेर आणि पिंपरी या पाच राजांच्या वंशजांना त्यापोटी मिळणारे सालियाना आजही फाल्गुनात, होळीपूर्वी, आहव्याच्या ‘डांग दरबारा’त समारंभपूर्वक देण्यात येते. देशातल्या मोठमोठ्या संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. या रानातल्या राजांचे सालियाने मात्र चालू राहिले. ते अरण्याच्या करारातून आलेले होते.

बिलिमोरा ते वघई हा ६३ किलोमीटरचा रेल्वेमार्ग बडोद्याच्या गायकवाड सरकारने, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९१३ च्या सुमारास बांधला. दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. मराठी माणसाने या गाडीत बसताना एवढे जरूर आठवावे की, हिंदुस्थानातला पहिला अरुंद लोहमार्गही गायकवाडांचाच. १८६२ साली डभोई ते मियागाम या मार्गावर गाडीला चक्क बैल जोडले होते. वघईचा रूळ मुख्यतः सागाचे लाकूड बाहेर नेण्यासाठी टाकला गेला. आजोबांच्या वखारीतले ओंडके याच रुळांवरून बिलिमोऱ्यास जात.

गंमत अशी की, गर्नव्हिलची कथाही हीच आहे. तेथे इतकी झाडे तोडली गेली की लोक त्या गावाला ‘बुंध्यांचे गाव’ म्हणू लागले. लाकूड वाहण्यासाठी आलेली आगगाडीच पुढे सान फ्रान्सिस्कोच्या लोकांना सुट्टीसाठी तेथे नेऊ लागली, आणि उरलेल्या अरण्यातला एक तुकडा १९१७ साली सार्वजनिक पैशांतून विकत घेऊन राखावा लागला. झाडे बाहेर नेणारा रूळ माणसांना आत आणू लागला, की त्या माणसांवर काही जबाबदारी येते, असे आम्हांस वाटते. निदान त्यांनी घाईने येऊन घाईने जाऊ नये.

नवा बेत

या खेपेस आम्ही कागदावर एकच नाव लिहिले.

प्रथम ऋतूचा विचार केला. पावसाळ्यात डांगचे रूप अपूर्व असते, धबधबे भरात असतात. पण फरशांवरून पाणी केव्हा चढेल याचा नेम नाही, आणि वृद्ध माणसाला घेऊन तो धोका पत्करणे योग्य नव्हे. उन्हाळ्यात साग पाने टाकून उघडा पडतो, सावली मिळत नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळे सुरत बाहेर पडलेले असते. तेव्हा मार्गशीर्ष ठरला. त्या दिवसांत पाने झाडावर असतात, नद्यांना पाणी असते आणि हवेत गारवा असतो. मुलांच्या शाळेचे दोन दिवस बुडणार होते. ते आम्ही बुडू दिले.

मग वाहनाचा प्रश्न आला. मोटारीने तीन तासांत पोहोचता येते. पण मातोश्रींना छोट्या गाडीनेच जायचे होते. सुरतेहून मुख्य मार्गाने बिलिमोरा सुमारे पन्नास किलोमीटर. सगळ्याच जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, आणि छोट्या गाडीच्या फेऱ्याही मोजक्याच. म्हणून दोहोंचा मेळ आधी नीट पाहून ठेवावा लागतो. वेळापत्रक बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते पुन्हा एकदा तपासून घ्यावे, हे उत्तम.

मुक्कामासाठी वघईजवळ किलाड येथे अंबिकेच्या काठी वनखात्याचे निसर्गशिबिर आहे. तेथील जागा आधी राखून ठेवावी लागते. सोय साधी आहे, आणि साधीच असावी.

सौभाग्यवतींनी सामानाची यादी केली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि हंगाम होता म्हणून सुरती पापडीची सुकी भाजी. ही पापडी एके काळी कतारगामच्याच शेतांत पिकत असे. आता शेते गेली आणि पापडीला चिकटलेले ‘कतारगामची’ हे नाव तेवढे उरले. यादीच्या शेवटी त्यांनी लिहिले होते, ‘लाकडी पाट’. “लहान स्थानकांवर फलाट बुटके असतात,” त्या म्हणाल्या, “आईंना डब्यात चढताना पायाखाली काहीतरी हवेच.” संपूर्ण बेतात याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी नव्हती.

अंबिकेच्या काठी

गाडी निघाली. तीन तासांत ६३ किलोमीटर, म्हणजे सायकलस्वाराशी बरोबरी करणारा वेग. गणदेवीच्या आसपास चिकू आणि आंब्याच्या वाड्या, मग उसाची शेते, चिखली रोड, रानकुवा, अनावल. उनाईला उतरून गरम पाण्याच्या झऱ्यावर जाणारे भाविक उतरले. त्यापुढे जमीन उंचसखल होऊ लागली, केवडी रोड, काळा आंब, डुंगरडा अशी नावे येऊ लागली आणि दोन्ही बाजूंनी साग खिडकीशी आला. मातोश्री तोवर स्वस्थ बसल्या होत्या. डुंगरडा सोडल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि वहाणा पायांत चढवल्या. अजून बराच वेळ होता. पण आम्ही काही बोललो नाही.

वखारीची जागा त्यांना ओळखता आली नाही. घर तर नव्हतेच. आम्ही धास्तावलो, की आता यांचा विरस होणार. त्या मात्र म्हणाल्या, “मला नदीवर ने.”

अंबिकेच्या काठी एका सपाट खडकावर त्या बसल्या. जवळच एक डांगी बाई बांबूच्या कोंबांच्या लोणच्याच्या बरण्या मांडून बसली होती. तिने काही विचारले आणि मातोश्रींनी तिला तिच्याच बोलीत उत्तर दिले. त्या बोलीत मराठी किती आणि गुजराती किती, यावर १९६० पूर्वी मोठमोठ्या लोकांनी वाद घातले. अखेर डांग गुजरातेत गेला. आमच्या मातोश्रींची पहिली यत्ता याच गावात मराठीतून झाली होती. त्या दोघी मात्र नाचणीचे पीक यंदा कसे आले, यावर बराच वेळ बोलत राहिल्या. नाचणीला दोघीही ‘नागली’ म्हणत होत्या. आमची मुले, जी घरात निम्मे गुजराती बोलतात म्हणून आमची बोलणी खातात, ती तोंडाकडे पाहतच राहिली. त्यांना जवळजवळ सगळे समजत होते.

परतताना मातोश्रींनी वाटेवरल्या एका रोपट्याच्या शेंड्याचे कोवळे सागाचे पान खुडले आणि धाकट्याच्या तळहातावर चोळले. तळहात लाल झाला. “ही आमची मेंदी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही वघईचे वनस्पती उद्यान पाहिले; चोवीस हेक्टरांवर पसरलेल्या या बागेतील बांबूंचे प्रकार पाहण्यासारखे आहेत. जवळचे वांसदा राष्ट्रीय उद्यान, गिरा धबधबा, पुढे आहवा आणि सापुतारा हे सारे राहिले. राहू दिले. ज्यांना चार दिवस मिळतील त्यांनी ती स्थळे अवश्य पाहावीत. मात्र रोज एकाहून अधिक पाहू नये, अशी आमची अनुभवाची विनंती आहे.

वाचकहो, बडोदेकरांना जांबुघोड्याचे रान आहे, इंदूरकरांना पाताळपाणीचा घाट आहे, बेळगावकरांना खानापूरचे अरण्य आहे. आपापल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसास एकदा विचारून पाहावे, की तुम्हांला कोठे थांबायचे राहून गेले. बेत तेथून आखावा.

परतल्यावर शेजारच्या काकांनी नेहमीप्रमाणे विचारले, “कुठे जाऊन आलात?” आम्ही उत्तर देण्यापूर्वीच धाकट्याने लाल तळहात पुढे केला आणि सांगितले, “गावी.”