सोललेल्या दीर्घिका

देवयानीच्या शेजारची एम ३२ ही दीर्घिका ल जाँती या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७४९ मध्येच पाहिली होती. तरी तिच्यासारख्या छोट्या, दाट दीर्घिका अडीच शतके बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. त्या खरोखरच विरळ होत्या असे नाही. दुर्बिणीतून त्या आपल्याच आकाशगंगेतला तारा वाटतात, नाही तर फार दूरची एखादी मोठी दीर्घिका, आणि निरीक्षणाच्या यादीतून आधीच गळतात. मायकेल ड्रिंकवॉटर यांच्या गटाने २००० च्या सुमारास फोर्नॅक्स समूहाकडे पाहताना ही निवडच सोडून दिली, ताऱ्यासारखा दिसणारा ठिपकाही वगळला नाही. त्यातले काही ‘तारे’ सुमारे सहा कोटी प्रकाशवर्षांवरच्या त्या समूहातलेच निघाले. पुढचा मोठा शोध तर नवे निरीक्षण फारसे न करताच लागला. इगोर चिलिंगारियन आणि सहकाऱ्यांनी हबलच्या साठवलेल्या छायाचित्रांतून, आभासी वेधशाळेच्या साधनांनी, २००९ मध्ये एम ३२ सारख्या २१ दीर्घिका वेचून काढल्या. आभासी वेधशाळा ही वेधशाळांची साठवलेली निरीक्षणे सर्वांना खुली करणारी जागतिक चळवळ, आणि तिच्यात पुण्याचा वाटा आहे: आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि पर्सिस्टंट सिस्टिम्स ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून व्हीओप्लॉट हे आलेखांचे साधन घडवले. चाकण म्हटले की गाड्या आणि त्याच नाशिक रस्त्याने पुढे गेले की खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या, एवढेच आपण कौतुकाने सांगतो. हे काम कुणाच्या गप्पांत येत नाही.

या दीर्घिका जन्मतःच छोट्या नाहीत, मोठ्यांना सोलून उरलेले गाभे आहेत, असे मला पुरावा पाहून वाटते. भोसरीतल्या लेथवर जॉब फिरतो तसा वरचा थर निघतो आणि खाली बुरा पडतो. इथे सोलण्याचे काम शेजारच्या बलाढ्य दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण करते. काही ठिकाणी तो बुरा, म्हणजे ओढून काढलेल्या ताऱ्यांचे पट्टे, छायाचित्रांत दिसलाही आहे. त्याहून पक्की साक्ष रसायनाची. छोट्या दीर्घिकेत जड मूलद्रव्ये कमी असतात, या मात्र मोठ्या घराण्यातल्या असाव्यात इतक्या समृद्ध आहेत. यावरचा आक्षेप गंभीर आहे: शेजारी कुणी बलाढ्य नसताना एकट्या भटकणाऱ्या दीर्घिका कुणी सोलल्या? चिलिंगारियन आणि झोलोतुखिन यांच्या २०१५ च्या यादीतल्या १९५ पैकी ११ अशा आहेत. समूहात सोलल्या गेल्यावर तिसऱ्या दीर्घिकेच्या ओढाताणीत त्या बाहेर फेकल्या गेल्या, असे त्यांचे उत्तर. गणित बसते, पण अकराच्या अकरा तशाच, हे मानायला मी तयार नाही.

त्याहूनही लहान, अतिसघन बटू दीर्घिकांबद्दल दुसरी शंका आहे: हे निव्वळ अवाढव्य तारकागुच्छ तर नव्हेत? काही असतीलही. परंतु कन्या समूहातल्या एम ६०-यूसीडी१ मध्ये अनिल सेठ यांच्या गटाला २०१४ मध्ये सुमारे २.१ कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर सापडले. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराच्या पाचपट, आणि त्या बटूच्या एकूण वस्तुमानाच्या सुमारे १५ टक्के. एवढे कृष्णविवर तारकागुच्छात घडले असे म्हणायचे, तर ते कसे, हे आक्षेप घेणाऱ्यांनीच सांगायला हवे.